भांडेवालीकडून भांडेवाडीकडे

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई काढली होती, तेव्हा दारात भांडेवाली आली. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलचे गंज, डबे, एक मोठी परात. काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. पुण्या-मुंबईकडे हिला बोहारीण म्हणतात. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. कपाटातून काढलेले तेवीस कपडे मी तिच्यापुढे ठेवले आणि मोठ्या डब्यावर नजर ठेवून बसले.

तिने एकेक कपडा उचलला. खिसे तपासले नाहीत, डाग पाहिले नाहीत. अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा चोळायची आणि उजवीकडे नाही तर डावीकडे टाकायची. पाच मिनिटांत उजवीकडे सहा कपडे जमले, डावीकडे सतरा. उजवीकडे बाबांचे दोन सुती शर्ट, दोन पायजमे, एक चादर आणि आईची पार विटलेली वायलची साडी. डावीकडच्या ढिगात एक टॉप होता, दोनदाच घातलेला. रंग शाबूत, शिवण शाबूत.

"हे का नाही घेत?"

"कॉटनचं असन तर द्या ताई. हे चिकणं कापड आता कोणी घेत नाही."

मला मोठा डबा मिळाला नाही, एक छोटा गंज मिळाला. तो महिनाभर ओट्यावर होता आणि दूध तापवताना रोज तिचं ते वाक्य आठवायचं. मी रसायनशास्त्र शिकवते. पॉलिएस्टर म्हणजे काय, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण त्या रेणूमुळे एका बाईचा धंदा बसतो आहे, हे मला माझ्याच दारात कळलं.

आधी तिच्या बोटांना काय कळलं ते सांगते. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. म्हणून कोरडा दिसणारा सुती कपडासुद्धा हवेतली ओल धरून असतो, साधारण हवेत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के. पॉलिएस्टर म्हणजे पॉलिइथिलिन टेरेफ्थॅलेट, पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते तेच, धाग्याच्या रूपात ओढलेलं. त्याच्या साखळीला पाण्याची ओढ फारशी नाही. तिथे तोच आकडा ०.४ टक्के. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा नागपूरकर डोक्याला सुती दुपट्टा का गुंडाळतो, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे. घाम शोषायचा, तो हळूहळू उडू द्यायचा आणि उडताना गारवा घ्यायचा, हे सुती कापड जमवतं. पॉलिएस्टरचं स्वस्त कापड घाम शोषत नाही. उलट अंगाचं तेल त्यात मुरतं, वास धरून बसतं, आणि वास जात नाही म्हणून कपडा लवकर टाकला जातो.

भांडेवालीचा हिशेब याच गुणावर चालतो. धड कपडे ती धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकते. जे विकण्याजोगं नसतं त्याचं फडकं होतं. गॅरेजमध्ये, छापखान्यात, कारखान्यात यंत्रं पुसायला सुती चिंध्या लागतात. पॉलिएस्टरचं फडकं पाणी आणि शाई टिपत नाही, नुसतं पसरवतं, आणि तापलेल्या इंजिनाला लागलं तर वितळून चिकटतं. म्हणजे जो कपडा कपडा म्हणून विकला जात नाही, त्याला तिच्या दुनियेत दुसरा जन्मच नाही.

दुसरा जन्म हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. माझ्या आजीच्या नऊवारीचा मधला भाग विरला की ती फाटका तुकडा काढून दोन्ही बाजू जोडायची. त्याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं आणखी काही वर्षं चालायचं. मग त्याची गोधडी, गोधडीतून उरलेलं बाळाचं दुपटं, दुपट्याचं पोतेरं, आणि शेवटी चुलीतली राख. त्या वेळी कापड महाग होतं, हे खरं कारण. पण प्रत्येक टप्प्यावर ते कापड त्या कामाच्या लायकीचं होतं, हेही तितकंच खरं. आज आपण म्हणतो, लोकांची काटकसर गेली. मला हे अर्धवट वाटतं. कापडच असं आलं की त्याचं पुढे काही करता येत नाही.

ते सतरा कपडे मी एका शनिवारी घेऊन बसले. प्रत्येकाच्या आतल्या शिवणीपाशी सुटलेल्या कापडाचा बोटभर धागा काढला, चिमट्यात धरला आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेला. घरी करून पाहण्याजोगी ही सगळ्यात सोपी चाचणी आहे. फक्त खाली पाण्याची ताटली ठेवा आणि मुलांच्या हाती देऊ नका, कारण वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. सुती धागा भसकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, फुंकर मारली तरी टोक जरा वेळ निखाऱ्यासारखं धुमसतं, आणि मागे राहते करडी, बोटाने विरणारी राख. पॉलिएस्टर ज्योतीपासून मागे सरतं, आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला एक टणक काळी गोळी ठेवून जातं. सतरांपैकी अकरा धाग्यांच्या टोकाला अशी गोळी आली. उरलेल्या सहांमध्ये थोडी राख, थोडी गोळी, म्हणजे मिश्रण. एका कुर्तीच्या लेबलवर छापलं होतं, "कॉटन फील". तिची गोळी सगळ्यात मोठी होती.

हे माझ्याच कपाटाचं दुखणं नाही. २००० साली जगात सगळ्या प्रकारचे धागे मिळून सुमारे ५ कोटी ८० लाख टन तयार होत. २०२३ मध्ये तो आकडा १२ कोटी ४० लाख टनांवर गेला. जगातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासकट, वर्षाला पंधरा किलो. त्यातलं ५७ टक्के पॉलिएस्टर. कापूस जेमतेम एक पंचमांश. कापसाला शेत लागतं, पाऊस लागतो, वेचणारे हात लागतात; तो मागणीइतका एकदम वाढत नाही. पॉलिएस्टर खनिज तेलापासून कारखान्यात बारा महिने बनतं आणि हवं तितकं बनतं. दर आठवड्याला नवी फॅशन आणायची आणि ती दोन-तीनशे रुपयांत विकायची, हा व्यवहार अशा धाग्याशिवाय उभाच राहिला नसता. फास्ट फॅशनचा खरा वेग शिलाईत नाही, धाग्यात आहे.

नागपूर या दोन्ही धाग्यांच्या मधोमध वसलंय. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, ती भोवतालच्या काळ्या मातीतल्या कापसावर. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे आहे. आणि शहराच्या दक्षिणेला बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पॉलिएस्टरचा मोठा कारखाना आहे. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तिथे जाऊन शर्टांचे धागे चोळून पाहिले तर कोणती बाजू जिंकली ते कळतं.

पॉलिएस्टर हा मुळात वाईट पदार्थ आहे, असं मी म्हणणार नाही. दोर, तंबू, पावसाळी कोट, शाळेचं दप्तर या गोष्टी त्याच्या टिकाऊपणावर चालतात. शतकभर न कुजणारा धागा दोनदा घालायच्या टॉपसाठी वापरणं, इथे चूक आहे. आणि कापूस साधुसंत आहे असंही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवाऱ्याचा अंशही आपल्या अंगावरच्या शर्टाच्या खात्यात धरायला हवा.

कापसाच्या पाण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण एक आकडा सगळीकडे फिरतो: एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. आकडा जागतिक सरासरीचा आहे, पण तो ऐकून आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे बोट दाखवणं अन्यायाचं आहे. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावर येतो. ते पाणी कापूस नसता तर तूर किंवा सोयाबीन प्यायलं असतं. मध्य आशियात आमू दर्या आणि सिर दर्या या नद्या १९६० च्या दशकापासून कापसाकडे वळवल्या आणि अरल समुद्र आटून त्याच्या तळाचं वाळवंट झालं. तिथला लिटर आणि यवतमाळचा लिटर एकाच खात्यात मांडता येत नाही. पाणी किती लागलं याच्याइतकंच ते कुठून घेतलं आणि कसं परत केलं, हे विचारावं लागतं.

आता भावाचा हिशेब. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. शंभर किलो कापसातून सरकी काढली की साधारण चौतीस किलो रुई निघते. कताई, विणाई आणि कटाईतली तूट धरली, तर १८० ग्रॅमच्या टी-शर्टला सुमारे पाऊण किलोच्या आत-बाहेर कापूस लागतो. एका बोंडात चार ग्रॅम धरा. म्हणजे पावणेदोनशे बोंडं, एकेक करून, वाकून, बोटं ओरबाडून घेत वेचलेली. त्याचे शेतकऱ्याला हमीभावाने मिळतात ५५ ते ६० रुपये, आणि त्यातूनच बियाणं, खत, फवारा, वेचणीची मजुरी. आता सीताबर्डीच्या फूटपाथवर किंवा मोबाइलच्या ॲपवर ९९ रुपयांचा टी-शर्ट दिसला की मी हा हिशेब मनात मांडते. उरलेल्या चाळीस रुपयांत सूत, विणाई, रंग, शिलाई, वाहतूक आणि दुकानाचा नफा कसा बसेल? बसत नाही. एक तर तो कापूस नसतो, नाही तर वाटेत कुणाचा तरी वाटा बुडालेला असतो. बहुतेक वेळा दोन्ही.

ज्यांचा वाटा बुडतो त्यांत नद्या पहिल्या. कापड रंगवण्यात खरी घाण आहे आणि तिचं रसायन फारसं कुणी समजावून सांगत नाही. सुती कापडासाठी जे रंग सर्रास वापरतात ते पाण्यात विरघळलेले असतात आणि पाणी सोडून धाग्यावर बसायला सहजी तयार नसतात. त्यांना ढकलायला रंगाच्या हौदात मीठ घालावं लागतं. गडद रंगाला लिटरमागे पन्नास ग्रॅम, कधी त्याहून जास्त. काळा किंवा गडद निळा टी-शर्ट रंगवायचा तर हौदाचं पाणी समुद्राच्या पाण्याहून खारट होऊ शकतं. आणि हे मीठ कापडात जात नाही. रंग चढला की ते सगळंच्या सगळं पाण्याबरोबर बाहेर पडतं, सोबत न चिकटलेला रंग घेऊन. रंगीत पाणी डोळ्याला दिसतं म्हणून त्याचा गवगवा होतो. विरघळलेलं मीठ दिसत नाही आणि साध्या प्रक्रिया केंद्रात निघतही नाही. रंगाला सूक्ष्मजीव किंवा रसायनं तोडू शकतात. मिठाला तोडायला काही उरलेलंच नसतं.

तमिळनाडूत तिरुप्पूरला, जिथे देशातले सर्वाधिक होजिअरी कपडे तयार होतात, नोय्यल नदीचं हेच झालं. रंगशाळांचं खारं पाणी वर्षानुवर्षं नदीत गेलं. खाली ओरतुपाळयम धरणात ते साठलं. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचं पाणी शेतकरीच नको म्हणू लागले, कारण त्याने जमीन नासत होती. विहिरी खारावल्या. शेतकरी कोर्टात गेले, वर्षं गेली, मुदती दिल्या, मुदती टळल्या. अखेर २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगशाळा बंद करायला लावल्या. शहराचा धंदा हादरला, हजारोंचा रोजगार थांबला. तो त्रास खोटा नव्हता. पण त्यानंतर तिरुप्पूरमध्ये सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत रुजली: पाणी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळायचं, उरलेलं आटवायचं, मीठ वेगळं काढून पुन्हा रंगाच्या हौदात घालायचं. हे तंत्र आदल्या दिवशी शोधलं गेलं नव्हतं. आधीही होतं, पण कोर्टाने कुलूप लावेपर्यंत ते परवडत नव्हतं.

रंगांचीच आणखी एक गोष्ट आहे, ती मला वर्गात सांगायला आवडते. ॲझो रंगांमध्ये दोन नायट्रोजन अणूंचा एक जोड असतो. काही ॲझो रंगांत हा जोड तुटला की बेंझिडीनसारखी कर्करोग करणारी अमाइन्स सुटतात. १९९४ मध्ये जर्मनीने असे रंग कपड्यांत वापरायला मनाई केली. आपला माल तिकडे जात होता, त्यामुळे इथे धावपळ उडाली. त्याच दशकात भारत सरकारनेही एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. तेव्हाही ऐकू आलं होतं की उद्योग बुडेल. उद्योगाने दुसरे रंग शोधले. आज आपण बाळाला लाल झबलं बिनघोर घालतो, ते रंगारी सज्जन झाले म्हणून नाही. नियम आला म्हणून.

कापड घरी आल्यावरही ते सुटं होत राहतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रयोग केला: सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून ॲक्रिलिकचे सात लाखांहून अधिक तंतू निघू शकतात, पॉलिएस्टरचे पाच लाखांच्या घरात. डोळ्यांना न दिसणारे, केसाहून बारीक. ढिल्या विणीच्या, आखूड तंतूंच्या कापडातून ते जास्त सुटतात, म्हणजे स्वस्त कपडा इथेही पुढेच. आमच्या घरच्या मशीनचं पाणी नालीतून जातं. काही पाणी भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात पोचतं. तिथून शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं, ही नागपूरची चांगली बाब, देशभर दाखवण्याजोगी. पण प्रक्रियेत अडकलेले तंतू नाहीसे होत नाहीत, ते गाळात बसतात. आणि जे पाणी प्रक्रियेविना नाग नदीत जातं ते पुढे कन्हान, कन्हानमधून वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचतं. तिथे मासेमारी आहे, शेती आहे. नागपूरच्या धुण्याचं पाणी भंडाऱ्याच्या खाली कुणीतरी वापरतंच आहे.

२०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २२ निरोगी माणसांचं रक्त तपासलं. १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले, आणि सगळ्यात जास्त जणांत सापडलेलं प्लास्टिक होतं पीईटी, म्हणजे बाटल्यांचं आणि पॉलिएस्टरचं. त्याने शरीराचं नेमकं काय बिघडतं याचा अभ्यास चालू आहे. घाबरवून सोडण्यात मला रस नाही. पण जे रक्तात फिरतंय त्याची परवानगी आपल्याला कुणी विचारली नव्हती, एवढं मी म्हणेन.

आता त्या डावीकडच्या ढिगाकडे वळते. भांडेवालीने नाकारलेला कपडा कचऱ्यात जातो आणि शहराच्या पूर्वेला भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात पोचतो. नागपूरचा रोजचा कचरा हजार टनांच्या वर आहे. तिथे दर उन्हाळ्यात आगी लागतात आणि आजूबाजूच्या वस्त्यांनी तो धूर घशात घेतलेला आहे. त्या आगीत ओल्या कचऱ्यातला मिथेन असतो, पिशव्या असतात, आणि माझ्या मेणबत्तीवर काळी गोळी होऊन थांबलेलं कापडही असतं, ढिगांनी. जगभर हेच चित्र आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात न खपलेल्या आणि टाकलेल्या कपड्यांचे डोंगर आहेत. घानाच्या अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांचे उतरवलेले कपडे गाठी बांधून येतात आणि विकले न गेलेले समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतात.

मग पुनर्वापर का होत नाही? भारतात तो इतर देशांपेक्षा बरा होतो. २०२२ च्या एका अहवालानुसार देशात वर्षाला, बाहेरून येणारा धरून, सुमारे ७८ लाख टन कापडकचरा जमा होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक या ना त्या वाटेने पुन्हा वापरात येतो. हे भांडेवालीचं, चिंधीवाल्यांचं, जुनं कापड पिंजून ब्लँकेटं करणाऱ्या पानिपतच्या कारखान्यांचं कर्तृत्व. कुठल्या सरकारी योजनेचं नाही. पण कापडापासून पुन्हा कपड्याचं कापड करणं कठीण आहे. आपल्या कापसाचा तंतू अठ्ठावीस-तीस मिलिमीटर लांब असतो. कापड फाडून पिंजलं की तो तुटून आखूड होतो, आणि आखूड तंतूचं सूत कच्चं येतं, म्हणून त्याची जाडी ब्लँकेटं होतात. मिश्र कापडात तर कापूस आणि पॉलिएस्टर एकाच सुतात पिळलेले असतात, भातात खडे असते तर निवडता आले असते. त्यात जीन्स ताणली जावी म्हणून दोन-चार टक्के इलास्टेन घातलेलं, म्हणजे पिंजण्याच्या यंत्रालाही ताप. जुन्या बाटल्यांपासून टी-शर्ट केला अशी जाहिरात दिसते, ती ऐकायला बरी वाटते. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती. टी-शर्ट झाली की ती वाट बंद. एकूण जगात जुन्या कपड्यांतून नवे कपडे होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

यावर उपाय म्हणून आपल्याला सांगितलं जातं की कमी खरेदी करा, टिकाऊ घ्या, दुरुस्त करा. मी तसं करते आणि तुम्हीही करा. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला धाग्यात काय आहे हे कळत नाही, लेबल "कॉटन फील" म्हणतं, आणि खरं सुती दुप्पट भावाला असतं. महिन्याला दहा-बारा हजारांत घर चालवणाऱ्या बाईला टिकाऊ कपडा घे म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. निवड जिथे होते तिथे, म्हणजे कापड ठरतं त्या टेबलावर, नियम पोचला पाहिजे.

असे नियम आता होताहेत. फ्रान्समध्ये २००७ पासून कपडे बाजारात आणणाऱ्या कंपनीला त्यांच्या शेवटाचा खर्च भरावा लागतो. युरोपीय संघाच्या देशांना १ जानेवारी २०२५ पासून कापडकचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालं. न खपलेले कपडे जाळून वा फाडून नष्ट करायला तिथल्या मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून मनाई आहे. फ्रान्सच्या संसदेत तर अति वेगवान फॅशनवर दर कपड्यामागे दंड लावण्याचं विधेयक आलं. खालच्या सभागृहाने ते मार्च २०२४ मध्ये आणि वरच्याने जून २०२५ मध्ये मंजूर केलं. त्यात दंड पाच युरोपासून दहा युरोपर्यंत चढवत नेण्याची तरतूद होती, कपड्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक नाही.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. प्लास्टिकची वेष्टनं, बॅटऱ्या, टायर, जुने संगणक आणि फोन यांच्यासाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी कायद्यात आहे: माल तू बनवलास, तर त्याच्या शेवटाची सोयही तूच कर. पाण्याच्या बाटलीला जो नियम लागतो तो त्याच जातीच्या प्लास्टिकच्या टॉपला लागत नाही. तो लागावा. कपड्यामागे काही रुपयांचं शुल्क. एकाच धाग्याच्या, सुट्या करता येणाऱ्या कपड्याला कमी, तीन धाग्यांच्या खिचडीला जास्त. म्हणजे डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात पहिल्या दिवशीच शेवटचा दिवस येईल. लेबलवर धाग्याचं खरं प्रमाण, ठळक, मराठी-हिंदीत. रंगशाळांवर मिठासकट देखरेख, आणि मोजमापाचे आकडे लोकांना दिसतील असे.

गरिबाचा कपडा महाग होईल, ही शंका मी बाजूला सारत नाही. दोनशेच्या टॉपवर पाच-सात रुपये वाढले तर ते कुणाला तरी जाणवतीलच. पण स्वस्ताईची किंमत आजही गरीबच भरतो आहे. भांडेवाडीच्या धुरात तो राहतो. नोय्यलकाठची खारावलेली विहीर त्याची. आणि चिकणं कापड नाकारून अर्धं गाठोडं घेऊन परतणारी भांडेवाली गरीबच आहे. म्हणून जमलेलं शुल्क मोठ्या पुनर्वापर कंपन्यांच्याच खात्यात जाऊन चालणार नाही. रोज दारोदार फिरून, अंगठा आणि तर्जनीने कापड ओळखून, गोळा करून, निवडून देणारी ही यंत्रणा आधीच उभी आहे. तिला ओळखपत्र, गोदामाची जागा आणि न विकल्या जाणाऱ्या कपड्याचाही किलोमागे भाव मिळाला, तर डावीकडचा ढीग उचलायलाही तिला परवडेल.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली होती. घ्यायला काही नव्हतं, पाणी प्यायला थांबली. मी विचारलं, आधी दहा कपड्यांतले किती घ्यायचीस? सात-आठ, म्हणाली. आणि आता? तिने तीन बोटं दाखवली. तिची आईही हाच धंदा करायची. तिच्या वेळी परत देण्यासारखं काही नसायचंच.

सतरा कपड्यांची पिशवी जिन्याखाली पडून होती. गेल्या आठवड्यात कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी ती खाली घेऊन गेले. गाडीवरच्या दादाने हात पुढे केला आणि रोजच्या सवयीने विचारलं, "ओला का सुका?"

"कपडे आहेत."

तो जरा थांबला. गाडीत दोनच कप्पे होते. "सुक्यात टाका," म्हणाला.

मी पिशवी परत घरात आणली.